मुखोद्गत विद्येचे जतन

विद्या म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तक उभे राहते. परंतु पुस्तकाचे साह्य नसताही पिढ्यानुपिढ्या टिकलेली एक विद्या आपल्याच सोलापूर जिल्ह्यात आहे. ती म्हणजे धनगरांची ओवी.

मंगळवेढे तालुक्यातील हुलजंती येथे दिवाळीच्या सुमारास महालिंगरायाची यात्रा भरते. बिरोबा हा गुरू व महालिंगराया हा शिष्य, अशी तेथील श्रद्धा असून त्यांच्या पालख्यांची भेट पाहण्यास मराठी व कानडी अशा दोन्ही भाषा बोलणारे लोक लोटतात. बिरोबासारख्या या देवांच्या कथा धनगर ओवीत गातात. जात्यावरील ओवीप्रमाणे ही एका कडव्यात संपत नाही. ती एक दीर्घ कथाच असते. मुख्य गायक ओळ उचलतो, साथीदार ती झेलतात; थोडे गाऊन झाले की तोच भाग साध्या बोलीत सांगितला जातो. या योजनेतील चातुर्य ध्यानी घेण्याजोगे आहे. तालामुळे कथा सांगणाऱ्याच्या स्मरणात राहते व गद्यामुळे ती ऐकणाऱ्यास उमगते. देवांच्या चरित्राबरोबरच मेंढरे, राने आणि चाऱ्यापाण्यासाठी केलेली वणवण हीही तीत येतात. ज्यांचा इतिहास बखरकारांनी फारसा लिहिला नाही, त्यांचा इतिहास तो हाच.

हायडेलबर्ग विद्यापीठाचे जर्मन पंडित गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांनी मेंढपाळांत हिंडून या ओव्यांचा अभ्यास केला. त्यांच्या पश्चात २०१४ साली बिरोबा व धुळोबा यांच्या ओव्यांचा इंग्रजी अनुवाद अॅन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर व राजाराम झगडे यांच्या साह्याने प्रसिद्ध केला.

अमेरिकेतील काळ्या लोकांची कथाही अशीच आहे. गुलामगिरीच्या काळी त्यांना लिहिणे-वाचणे शिकविण्यास दक्षिणेकडील कित्येक राज्यांत कायद्याने बंदी होती. म्हणून त्यांनी आपल्या गोष्टी मुखानेच राखल्या. त्याच समाजातील झोरा नील हर्स्टन ही विदुषी उच्च शिक्षण घेऊन फ्लॉरिडातील आपल्या ईटनव्हिल गावी परतली, आणि तेथे व आसपास ऐकलेल्या गोष्टी तिने १९३५ साली छापल्या. शिक्षणामुळे तिला गावच्या बोलीची लाज वाटली नाही. उलट तिचे मोल कळले.

आमचे मात्र उलट होते. सुट्टीत आजोळी आजोबांनी गोष्ट काढली की ‘हे गावठी’ म्हणून आम्ही उठून जातो. यंत्रात आवाज राहतो, पुस्तकात शब्द राहतात; परंतु ‘हूं’ म्हणणारा श्रोता मिळाला नाही तर सांगणारा गप्प होतो. एक पिढी ऐकावयाची राहिली की साखळी तुटते.

म्हणून विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांकडून एक तरी कथा पूर्ण ऐकावी. त्यांच्या अनुमतीने ती त्यांच्याच बोलीत उतरून घ्यावी, शुद्ध करू नये; सांगणाऱ्याचे नाव, गाव व तिथी नोंदवावी. पालकांनीही त्यासाठी एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. अखेरीस वही मिटून तीच कथा धाकट्या भावंडांस सांगावी. हे शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. कारण लिहिल्याने कथा उरते, पण सांगितल्यानेच ती पुढे चालते.