तीर्थ कोठे, क्षेत्र कोठे?

ठाणे-कल्याणकडची मंडळी आळंदी-पंढरीला नेमाने जातात. पण आपल्या गावात तीर्थ कोणते, असे विचारले तर आगगाडीच्या गर्दीकडे बोट दाखवून हसतात. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. तेव्हापासून हा मुलूख म्हणजे नुसती ये-जा, असा सर्वांचा समज. तो शास्त्राला धरून नाही.

'तीर्थ' शब्द 'तॄ' म्हणजे तरून जाणे, या धातूपासून झाला. जेथे पाण्यात उतरता येते, पैलतीर गाठता येतो, तो उतार म्हणजे तीर्थ. क्षेत्र ती भूमी. पंढरी क्षेत्र, चंद्रभागा तीर्थ, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हाच अर्थ कल्याणला लावून बघा. हे मुळी उताराचेच गाव, खाडीवरचे बंदर! येथून तांबे आणि कापड परदेशी जाते, असे सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवले आहे. गजबज काही आजची नव्हे.

त्या बाजारात पैसा मिळवणाऱ्यांनी त्याचे काय केले, ते कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतले शिलालेख सांगतात. कल्याणच्या एका सोनाराने तेथे पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके, दान दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. पाहा हो! पाणी आणि वाट. उन्हातून पायी चालणाऱ्याला दुसरे काय लागते? पंथ वेगळा असेल; पण वारीच्या वाटेवर घागर घेऊन उभी राहणारी माउली आणि तो सोनार यांत मला तरी भेद दिसत नाही.

ठाण्याचा कौपिनेश्वर मासुंदा तलावाकाठी आहे. आजचे देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास बांधले. ते सर्वांना ठाऊक. अंबरनाथला मात्र मुद्दाम उतरावे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचे हे शिवालय. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. भिंतींवर मूर्तींची नुसती दाटी. अन्यत्र देवाकडे पायऱ्या चढून जातात. येथे मंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरून गाभाऱ्यात जायचे, आणि वर पाहावे तो उघडे आकाश! घाटावरून पाण्यात उतरावे, तसेच वाटते.

शेजारून वालधुनी नदी वाहते. वाहते म्हणायचे इतकेच. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने पोटात घेऊन ती काळी पडली आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. आधी स्नान-आचमन, मग दर्शन, असा शास्त्राचा क्रम. येथे नाकाला पदर लावून भाविक थेट देवळात शिरतात. ज्या पाण्याने देवाला ही जागा मिळाली, त्याच्याकडे पाठ करून केलेल्या अभिषेकाला काय म्हणावे, ते शास्त्र्यांनी सांगावे.

जत्रेला जाणाऱ्यांनी पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे, आणि बेल-फुलांचे निर्माल्य नदीत न टाकता पिशवीतून घरी आणून तुळशीच्या आळ्यात घालावे.