इंजिन उचलताना घरची तिपाई कशी वापरावी?



गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरची, पाण्याच्या इंजिनाची कामे निघतात. मिस्त्री घरी येतो आणि गोठ्याच्या आढ्याला कप्पी बांधली जाते. मेहकर तालुक्यात आम्ही हेच पाहिले. विचारले तर मालक म्हणाले, "साहेब, आढं बापाच्या टायमाचं हाये, त्याले काई होत नाई." आम्हीही गप्प बसलो. इंजिन हातभर वर गेले अन् आढे मधोमध मोडले. पोराने नुकताच हात काढला होता, म्हणून वाचला. त्याची चुटपुट आम्हाला अजून आहे.

आता हिशेब पाहू. समजा, इंजिन 150 किलोचे आहे. वर बांधलेल्या एकाच कप्पीने ओढताना जोरही 150 किलोचाच लागतो. एकीकडे इंजिन, दुसरीकडे ओढणारे. म्हणजे आढ्यावर भार 300 किलो! इंजिनाजवळ दुसरी, फिरती कप्पी लावली तर जोर निम्मा, 75 किलो. वरचा भार 225 किलो.

म्हणून आढे सोडा, जाड पाइपची तिपाई करा आणि एवढे पाळा :

1) तिपाईचे पाय सारख्या अंतरावर ठेवून खाली साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर ते फाकतात. काळ्या मातीत पायाखाली फळ्या द्या.

2) दोरीपेक्षा चेन कप्पी बरी, हात सुटला तरी ओझे जागेवर राहते. तिच्यावर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त उचलू नका.

3) इंजिनाला दोन ठिकाणी बांधायची साखळी लांब घ्या. दोन फाट्यांतला कोन 120 अंश झाला की प्रत्येक फाट्यावर पूर्ण 150 किलोचा ताण येतो.

4) आधी चार बोटे उचला, थांबा, वेल्डिंग आणि पाय पाहा. मगच पुढे.

5) बहुतेक ट्रॅक्टरात इंजिन हाच सांगाड्याचा भाग असतो. ते सोडवण्याआधी पुढचा आणि मागचा भाग ओंडक्यांवर वेगवेगळा टेकवा, मागच्या चाकांना उटी लावा.

6) इंजिन लटकत असताना तिपाई सरकवू नका. खाली हात, पाय, डोके घालू नका. काम करायचे ते इंजिन ओंडक्यावर टेकवून. लेकरांना लांब ठेवा.

मिस्त्री घाई करील. त्याला थांबवायचे काम मालकाचे, अन् बघणाऱ्याचेही. ऊस तोडला तर खोडवा फुटतो. तुटलेली बोटे फुटत नाहीत.

— ऊस विकास अधिकारी