ट्रॉलीचा हब : हंगामाआधी घरीच तपासा



ऊसतोड सुरू व्हायच्या आत एक काम उरकून घ्या. ट्रॅक्टरचं ऑइल सगळे वेळेवर बदलतात, पण ट्रॉलीच्या हबकडे चाक आवाज करेपर्यंत कुणी बघत नाही. भरल्या ट्रॉलीचं वजन हबमधल्या बेअरिंगवरच असतं. बेअरिंग जळून चाक निघालं तर ट्रॉली भर रस्त्यात उलटू शकते. शेजारून जाणारा दुचाकीवाला आपल्याच गावचा असतो.

*खराबी कशी ओळखायची?*
▪️ फेरीनंतर एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो
▪️ चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की खडखडतं
▪️ हाताने फिरवताना घरघर लागते
▪️ चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस गळतं, म्हणजे सील गेलं

*खोलण्याआधी*
ट्रॉली रिकामी करा, सपाट कडक जागेवर घ्या. ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवा, हँडब्रेक लावा, चावी खिशात ठेवा. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट जमिनीवरच सैल करा. मग ॲक्सलखाली जॅक लावून उचला आणि लगेच जाड लाकडी ठोकळे द्या. विटा नकोत, त्या फुटतात. नुसत्या जॅकवर काम करू नका.

*काम असं करा*
1️⃣ चाक उतरवा. टोपी, स्प्लिट पिन, खाचांचा नट, वायसर आणि बाहेरचं बेअरिंग काढून हब ओढून घ्या. डाव्या-उजव्या हबचे भाग वेगळे ठेवा.
2️⃣ सगळं डिझेलमध्ये धुवा, स्वच्छ फडक्याने पुसा. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवू नका.
3️⃣ रोलर निळसर पडलेत, खड्डे किंवा ओरखडे आहेत? मग कोन आणि कप दोन्ही बदला. नुसता कोन बदलला तर जुना कप नव्या कोनालाही खातो. दुकानात जुनं बेअरिंग सोबत न्या, नंबर त्यावरच असतो. सील मात्र दरवेळी नवंच.
4️⃣ ॲक्सलच्या टोकाला चीर दिसली तर वेल्डिंग करून भागवू नका. तो ॲक्सल बदलाच.
5️⃣ बेअरिंग ग्रीस तळहातावर घेऊन रोलरमध्ये दाबा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत अर्ध्यापर्यंतच भरा. गच्च भरलं तर हब तापतो आणि ग्रीस सील ढकलून बाहेर येतं.

*नट किती आवळायचा?*
खरी मेख इथेच आहे. जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, ढिला राहिला तर ठोके खाऊन फुटतं. हब फिरवत-फिरवत जड लागेपर्यंत नट आवळा, म्हणजे बेअरिंग नीट बसतं. मग पिनच्या भोकाशी खाच जुळेल इतकाच मागे घ्या. हब हलका फिरला पाहिजे, पण हलवल्यावर खडखड नको. स्प्लिट पिन नवी घाला, पाय वाकवा. पिनऐवजी खिळा किंवा तार चालणार नाही.

चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळा. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा आवळा आणि हब किती तापलाय ते बघा.

खंडेनवमीला ट्रॉलीची पूजा होईल, त्याआधी हब खोलून झालेला असू द्या. ट्रॅक्टर दुसरं कुणी चालवत असेल तर हा मेसेज त्यांनाही पाठवा.