परग्रहांवरील विजांचा शोध

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावर व कुंभकोणम यांच्या दरम्यान, पापनाशम हे गाव वसलेले आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात तेथील भातखाचरांवर विजा कडाडतात. उघड्या खाचरात काम करणाऱ्याच्या दृष्टीने वीज किती दूर आहे, हा जिवाचा प्रश्न असतो. लखलखाट तत्क्षणी दिसतो. ध्वनीला मात्र एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. त्यावरून विजेचे अंतर कळते. परंतु गडगडाट ऐकू आला, याचा अर्थच आपण तिच्या टप्प्यात आहोत, असा होतो.

ढगातील हिमकण व मऊ गारा एकमेकांवर आदळल्यामुळे विद्युद्भार विभागला जातो. हलके हिमकण बहुधा धनभार घेऊन वर जातात. जड गारा ऋणभारासह खाली राहतात. या भारांमधील ताण हवेला सहन होईनासा झाला, की वीज चमकते. ही क्रिया पृथ्वीपुरतीच मर्यादित असावी, असे नाही. तथापि परग्रहावरील गडगडाट पृथ्वीपर्यंत पोहोचणे अशक्य आहे. कारण मधल्या पोकळीतून ध्वनी जाऊ शकत नाही. तेथे लखलखाटाच्या जोडीला दुसरा साक्षीदार लागतो. तो म्हणजे रेडिओ-लहरी. वीज चमकताच रेडिओमध्ये होणारी खरखर हा त्यांचाच परिणाम होय.

१९७९ साली व्हॉयेजर १ या यानाने गुरूच्या अंधाऱ्या बाजूवरील लखलखाटांची छायाचित्रे घेतली. त्याच वेळी, विजेपासून निघून विद्युद्भारित वायूतून येणाऱ्या, शिटीच्या उतरत्या सुरासारख्या लहरीही त्याने टिपल्या. दोन्ही साक्षी जुळल्या.

शुक्राच्या बाबतीत मात्र त्या अद्याप जुळलेल्या नाहीत. १९७८ साली तेथे उतरलेल्या व्हेनेरा ११ व १२ या सोव्हिएत यानांनी विजेसारखे रेडिओ-स्पंद नोंदविले. पुढे १९९८ व १९९९ साली कॅसिनी यान शुक्राजवळून गेले, तेव्हा त्याला उच्च वारंवारतेचा तसा एकही स्पंद आढळला नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये तेच यान पृथ्वीजवळून जात असता त्याच उपकरणाने येथील विजांचे असंख्य स्पंद टिपले. उपकरणात दोष नव्हता, हे यावरून स्पष्ट झाले. २०२० साली जपानच्या आकात्सुकी यानाला शुक्रावर एक लखलखाट दिसला. पण तो उल्केचाही असू शकतो. तेव्हा शुक्रावर वीज असलीच, तर ती विरळ अथवा निराळ्या जातीची असली पाहिजे. केवळ एका साक्षीवर निर्णय देणे शास्त्रास मान्य नाही.