काली बेईं : नदीची सेवा आणि गावांचा जीर्णोद्धार



क्षेत्री आलेल्या यात्रेकरूने प्रथम नदीवर जावे, स्नान करावे आणि मग ओलेत्या अंगाने देवदर्शनास यावे, हा आपल्याकडील जुना प्रघात. अलीकडे मात्र पुष्कळ मंडळी घाटापर्यंत जातात, पाण्याकडे नुसते पाहतात आणि परत येऊन नळावर हातपाय धुतात. त्यांस दोष कसा द्यावा? "पाणी अंगावर घेण्याजोगे आहे का?" हा प्रश्न आमच्या कार्यालयाच्या खिडकीशी जवळजवळ रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तर देताना संकोच वाटतो. म्हणून या पुस्तिकेत पंजाबातील एका नदीची हकीकत सविस्तर देण्याचे योजिले आहे.

संत नामदेव महाराजांनी आयुष्यातील दीर्घ काळ पंजाबात व्यतीत केला, त्यांची ६१ पदे श्री गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत आणि गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, हे आपणांस विदितच आहे. सन २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले आणि घुमानचे नाव महाराष्ट्रात अधिक परिचित झाले. घुमानला गेलेल्या भाविकांनी बियास नदी ओलांडून कपूरथळा जिल्ह्यातील सुलतानपूर लोधी येथेही अवश्य जावे. श्री गुरू नानक देवजींचे या गावी अनेक वर्षे वास्तव्य होते. नवाब दौलतखानाच्या धान्यकोठारात ते कारभार पाहत. गावालगतच्या बेईं नदीत ते नित्य स्नान करीत. एके दिवशी नदीत उतरलेले गुरुजी तीन दिवसांनी बाहेर आले ते साक्षात्कार घेऊनच, अशी शीख परंपरा आहे. तीच ही काली बेईं. होशियारपूर जिल्ह्यातील धनोआ गावाजवळ ती उगम पावते आणि सुमारे १६० किलोमीटर वाहत जाऊन हरिके येथे बियास-सतलजच्या संगमाजवळ मिळते.

अशा पवित्र नदीचे सन २००० च्या सुमारास काय झाले होते, ते वाचून आपणांस आपलीच एखादी नदी आठवेल. कपूरथळा, टांडा, दसूया, सुलतानपूर लोधी अशा शहरांचे आणि काठावरील सुमारे ४० गावांचे सांडपाणी व मैला थेट पात्रात येत असे. जलपर्णीच्या दाट गालिच्याखाली पाणी दिसेनासे झाले होते. काही ठिकाणी तर पात्रच उरले नव्हते, तेथे शेती चालली होती. वरच्या भागात पाणी तुंबून जमिनी चिबड झाल्या आणि खालच्या भागात भूजल वेगाने खोल गेले. एकाच नदीने एकास बुडवावे आणि दुसऱ्यास कोरडे ठेवावे, असा तो विपरीत प्रकार होता.

जुलै २००० मध्ये जालंधर येथे या विषयावर एक सभा झाली. भाषणे व चिंता व्यक्त करणे यथासांग झाले. त्या सभेस जालंधर जिल्ह्यातील सीचेवाल गावचे निर्मल संप्रदायी संत बलबीरसिंग सीचेवाल उपस्थित होते. सभेनंतर लगोलग ते आपल्या सेवेकऱ्यांसह सुलतानपूर लोधी येथे नदीत उतरले आणि हातांनी जलपर्णी उपसू लागले. गुरुद्वाऱ्याचा तलाव उपसण्यासाठी संगत ज्या निष्ठेने कारसेवा करते, तीच निष्ठा त्यांनी वाहत्या नदीस लावली. हळूहळू गावोगावचे लोक येऊ लागले. कोणी ट्रॅक्टर दिला, कोणी डिझेल, कोणी लंगरासाठी धान्य. परदेशी राहणाऱ्या पंजाब्यांनीही हात सैल सोडला. स्त्रिया व विद्यार्थी पाट्या उचलू लागले. गाळ निघाला, काठ बांधले गेले, काठांवरून रस्ते झाले, झाडे लागली आणि विटांचे घाट उभे राहिले. पुढे मुकेरियाँ जलविद्युत कालव्यातून पाणी सोडण्यात येऊ लागले आणि नदी पुन्हा वाहती झाली. ऑगस्ट २००६ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम स्वतः हे कार्य पाहण्यास आले. संत सीचेवाल यांना सन २०१७ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली आणि सन २०२२ मध्ये ते राज्यसभेवर गेले.

येथवरची हकीकत वर्तमानपत्रांतून पुष्कळदा येऊन गेली आहे. तीत जे सहसा ठळकपणे येत नाही, तेच आम्हांस अधिक मोलाचे वाटते. नदीतून घाण काढणे आणि नदीत घाण न येऊ देणे, ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्यास उत्साह पुरतो. दुसऱ्यास गावाची रचनाच बदलावी लागते. शेवटी प्रश्न उभा राहिलाच : नदीत सोडावयाचे नाही, तर गावाने सांडपाणी सोडावे कोठे?

यावर सीचेवाल गावात जी पद्धत आकारास आली, ती समजण्यास कठीण नाही. घराघरांतील मोरीचे, स्वयंपाकघराचे व शौचालयाचे पाणी जमिनीखालील नळांतून गावाबाहेर नेले जाते. तेथे जाळीवर प्लॅस्टिक, चिंध्या वगैरे अडतात. मग पाणी एकापाठोपाठ तीन विहिरींतून जाते. पहिल्या विहिरीत ते गोल फिरते, त्यामुळे जड गाळ तळाशी बसतो; दुसरीत तेलकट व तरंगणारा मळ वर राहतो; तिसरीतून तुलनेने निवळ पाणी पुढे मोठ्या तळ्यात जाते. तळ्यात काही दिवस ऊन व वारा आपले काम करतात. त्यानंतर पंपाने ते पाणी उचलून जमिनीखालील नळांनी शेतांत दिले जाते. रसायने लागत नाहीत, किमती यंत्रे लागत नाहीत. मात्र गाळ वेळेवर काढावा लागतो, पंप चालू ठेवावा लागतो आणि हे करणारा माणूस नेमावा लागतो. या बाबतीत हयगय झाली की तळ्याचे पुन्हा डबके व्हावयास वेळ लागत नाही.

आता याचा गावास लाभ काय झाला, ते पाहावे. पंजाबातील खेड्यांत पूर्वी सर्व सांडपाणी गावच्या 'छप्पड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तळ्यात साचे. ते डासांचे माहेरघर बनले होते. गल्ल्यांतील उघडी गटारे गेली, तळ्याकाठी झाडे आली आणि लोक तेथे सायंकाळी बसू लागले. शेतकऱ्यास सेंद्रिय अंश असलेले पाणी मिळाले, त्यामुळे खताचा आणि विंधन विहिरीच्या उपशाचा भार हलका झाला. वरच्या भागातील चिबड जमिनी लागवडीस आल्या. रोपवाटिका निघाल्या, त्यांतून गावोगाव रोपे गेली. ज्या शेतकऱ्यास कालचे सांडपाणी आज पिकात दिसते, तो ते नदीत कशाला सोडील? नदी स्वच्छ राखण्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतला, आणि आमच्या मते या कार्याचे बळ भक्तीइतकेच या स्वार्थातही आहे. गंगाकाठच्या गावांचे सरपंचही ही पद्धत पाहून गेले आहेत.

देणगीदार सज्जनांची क्षमा मागून येथे एक गोष्ट नमूद करतो. प्रस्तुत लेखकाने देणगी कक्षात पुष्कळ वर्षे पावत्या फाडल्या आहेत. घाटाच्या पायरीसाठी, कमानीसाठी, कळसासाठी देणगी देऊन फरशीवर नाव कोरण्याची इच्छा अनेकांनी व्यक्त केली, आणि त्यात गैर काही नाही. परंतु "सांडपाण्याच्या नळासाठी माझे अकरा हजार घ्या" असे म्हणणारा दाता अद्याप खिडकीशी आलेला नाही. जमिनीत गाडलेल्या नळावर नाव कोठे कोरणार, ही अडचणही खरीच. सुलतानपूर लोधीचे घाट सुंदर आहेत, छायाचित्रांत तेच दिसतात. पण त्या घाटांवर स्नान करण्याजोगे पाणी मिळावे म्हणून खर्च झालेले द्रव्य व श्रम कित्येक कोस दूरच्या गावांत मातीखाली आहेत.

हे कार्य सर्वांशी सिद्धीस गेले, असे लिहिणे सत्यास धरून होणार नाही. गावांनी केले, ते शहरांकडून त्या प्रमाणात झाले नाही. शहरांचा मैला अधिक, जागा अपुरी. शुद्धीकरण केंद्रे उभारली तरी ती अखंड चालवावी लागतात. पुढील वर्षांत एकाहून अधिक वेळा बेईंमध्ये मासे मरून तरंगल्याचे दिसले. वरून सोडलेले पाणी कमी झाले आणि शहरांचे सांडपाणी आले की नदी पूर्वपदावर जाऊ पाहते. लुधियान्याच्या बुड्ढा दरियाच्या कामातही संत सीचेवाल यांनी अलीकडे लक्ष घातले आहे. परंतु तेथे रंगकाम करणाऱ्या कारखान्यांचे व दुग्धशाळांचे पाणी येते आणि कारखान्यांची रसायने तीन विहिरींनी निवळत नाहीत. तेथे कायद्याचा बडगाच हवा.

सुलतानपूर लोधी हे जालंधर-फिरोजपूर लोहमार्गावरील स्थानक आहे. कपूरथळ्याहून रस्त्यानेही जाता येते. नदीकाठीच गुरुद्वारा श्री बेर साहिब आहे. डोके झाकूनच आत प्रवेश करावा, पादत्राणे बाहेर ठेवावीत. लंगर सर्वांस खुला असतो. दर्शनानंतर घाटावर थोडा वेळ बसावे आणि सवड असल्यास सीचेवाल गावी जाऊन त्या विहिरी व तळेही पाहावे. सोबत आपल्या गावचे सरपंच असल्यास उत्तम.