रक्तावाटे येणारा रोग

आपल्या अंगात दोन मूत्रपिंडे असतात. त्यांनाच आपण किडनी म्हणतो. ती रक्तातील घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. मधुमेह अगर रक्तदाब फार वर्षे राहिला, म्हणजे ही गाळणी निकामी होऊ शकते. मग यंत्राने रक्त गाळावे लागते. यास डायलिसिस म्हणतात. बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास. पलूसकडचे कितीतरी रोगी त्यासाठी सांगली-मिरजेच्या खेपा करतात.

या रोग्यांनी एका रोगापासून जपावे. त्याचे नाव हिपॅटायटिस सी. याचा विषाणू १९८९ साली सापडला. तो यकृतात वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. डोळे पिवळे होतातच असे नाही. पुढे मात्र यकृत नासते, कर्करोगही होऊ शकतो.

हा शिरतो कसा? रक्तातून रक्तात. द्राक्षबागेत रोगट वेलीवर चालवलेली कात्री न धुता दुसऱ्या वेलीवर चालवली, तर काय होईल? इथेही तसेच समजा.

धोका कशाने वाढतो, ते पाहू.

१. वारंवार रक्त चढवल्याने. दात्याच्या रक्ताची ही तपासणी आपल्या देशात २००१ पासून सक्तीची आहे. म्हणून रक्त परवान्याच्या रक्तपेढीतूनच घ्यावे.

२. डायलिसिसची वर्षे वाढल्याने. जितक्या खेपा, तितक्या वेळा सुई टोचणार.

३. निष्काळजीपणाने. एका रोग्याचे हातमोजे न बदलता दुसऱ्यास हात लावणे, वापरलेली सुई पुन्हा औषधाच्या बाटलीत घालणे, खुर्ची व यंत्र न पुसणे. डाग दिसला नाही, तरी रक्त तिथे असू शकते.

मग भिऊन डायलिसिस सोडायचे काय? मुळीच नाही! ते सोडले तर जीवच जाईल. नर्सबाईंना नम्रपणे विचारावे, "ताई, मोजे नवे घातले ना?" असे विचारण्यात अपमान कसला? डायलिसिस सुरू करताना रक्त तपासावे, पुढे दर सहा महिन्यांनी तपासावे.

रोग निघालाच, तर घरच्यांनी रोग्याला वाळीत टाकू नये. काही घरी रोग्याचे ताट वेगळे मांडतात. ते चूक होय. एका ताटात जेवल्याने, जवळ बसल्याने, नातवंडाला मांडीवर घेतल्याने हा रोग लागत नाही. वस्तरा, ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि साखर तपासायची सुई मात्र ज्याची त्याने वेगळी ठेवावी.

या रोगावर लस नाही, पण औषध आहे. बहुतेकांना सुमारे बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. शंभरांत पंचाण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. किडनीच्या रोग्यांनाही चालतील अशा गोळ्या आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात हे औषध फुकट मिळते. सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. बरे झाल्यावरही हा रोग पुन्हा होऊ शकतो, म्हणून जपणूक सोडू नये.

लक्षात ठेवू या : सुई नवी, मोजे नवे, तपासणी वेळेवर. आणि रोग्याचे ताट आपल्याच पंगतीत.