प्रिंटर-स्कॅनर आणि अडलेली फाइल

घरच्या प्रिंटरने छपाई नाकारली की हात आधी कार्ट्रिजकडे जातो. दोष मात्र पुष्कळदा फाइलमध्ये किंवा फाइलच्या वाटेवर असतो. छापण्याचा आदेश दिल्यावर प्रोग्राम, ड्रायव्हर, कामांची रांग सांभाळणारा स्पूलर आणि शेवटी यंत्र अशा क्रमाने फाइल पुढे सरकते. पडद्यावर येणारी ‘एरर’ची सूचना यांपैकी नेमके कुठे अडले ते क्वचितच सांगते. म्हणून आधी जागा शोधावी, उपाय नंतर.

त्यासाठी दोन चाचण्या पुरतात. संगणकाला हात न लावता यंत्रावरचेच बटण दाबून एखाद्या कागदाची झेरॉक्स काढावी. ती स्वच्छ आली तर शाई, रोलर आणि स्कॅनरची काच यांत खोट नाही. मग नोटपॅडमध्ये एक ओळ टाइप करून छापावी. तीही उमटली तर ड्रायव्हर आणि जोडणी ठीक आहे, गडबड त्या एका फाइलची आहे. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणे हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो. अनुभव सांगतो की तो शेवटी करावा, कारण त्यात वेळ जातो आणि चालू असलेल्या गोष्टीही बिघडू शकतात.

नोटपॅडची ओळही उमटली नाही तर रांग पाहावी. विंडोजमध्ये एखादे काम ‘डिलिटिंग’ असे दाखवत तासन्‌तास तिथेच बसून राहते आणि मागची सगळी कामे तुंबतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रिंट देत राहिले, की तिढा सुटल्यावर एकाच पानाच्या प्रतींवर प्रती बाहेर पडतात आणि शाई, कागद दोन्ही वाया जातात. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स असा फोल्डर असतो. त्याच्या आतल्या फाइली काढून टाकाव्यात, फोल्डर मात्र तसाच ठेवावा आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. त्या फाइली म्हणजे छपाईसाठी केलेल्या तात्पुरत्या प्रती असतात. मूळ दस्तऐवजाला धक्का लागत नाही.

मराठी फाइलींची एक वेगळी अडचण आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि तीच छापली जातात. जिथे फॉन्ट आहे तिथेच, फॉन्ट आत समाविष्ट करून, पीडीएफ करून आणावी. पीडीएफ पडद्यावर नीट दिसते पण कागदावर चौकोन उमटतात, असे झाल्यास अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ निवडावे. छपाई सावकाश होते, पण पडद्यावरचे पान जसेच्या तसे येते.

स्कॅनरच्या बाबतीत तक्रार बहुधा फाइल जतन न होण्याची असते. पहिला संशय नावावर घ्यावा. १२/०५/२०२४ अशी तारीख नावात घातली तर विंडोज ते नाव स्वीकारत नाही. तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह तिथे चालत नाहीत. आडवी छोटी रेघ चालते.

यंत्रावरून थेट संगणकाच्या फोल्डरात स्कॅन पाठवताना जुनी यंत्रे अडतात, कारण त्यांना एसएमबी-१ ही फाइल पाठवण्याची जुनी पद्धतच येते. मे २०१७मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय व्हायरसने याच पद्धतीतल्या त्रुटीचा फायदा घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ती चालू नसते. ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; तो मानू नये. संगणकावरून स्कॅन सुरू करावा, किंवा यंत्रात सोय असेल तर पेनड्राइव्हवर घ्यावा.

ऑनलाइन अर्जाला जोडताना फाइल मोठी म्हणून परत येते, हेही नेहमीचेच. ए-४ पान ३०० डीपीआयवर स्कॅन केले की सुमारे २,४८० गुणिले ३,५०८ ठिपके होतात. रंगीत असेल तर फाइल दाबून लहान करण्यापूर्वी सुमारे २६ एमबी. ६०० डीपीआयवर हेच चौपट. छापील मजकुराला करड्या छटांत २०० डीपीआय पुरते.

फाइल लहान करताना मात्र आकडे जपावेत. २०१३मध्ये डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीच्या काही कार्यालयीन यंत्रांत स्कॅन केलेल्या नकाशावर वेगवेगळ्या क्षेत्रफळांच्या तीन खोल्यांवर १४.१३ हा एकच आकडा आला होता. फाइल दाबताना यंत्र सारख्या दिसणाऱ्या चिन्हांच्या जागी एकच चिन्ह वापरत होते. अक्षरे पुसट झाली नव्हती, आकडे ठळकच होते, म्हणून चूक सहज लक्षात येत नव्हती. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. सातबारा, गुणपत्रिका, बँकेचे कागद स्कॅन केल्यावर फाइल शेवटच्या पानापर्यंत उघडावी, गट क्रमांक, गुण आणि रकमा मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात, आणि मगच मूळ प्रत परत करावी.